किनाऱ्यावरचं शेवाळ घाण नव्हे, पण ढीग झाला तर?

तलमडुगु-आदिलाबादकडून सुट्टीत मालवणला किंवा गोव्याला गेलेल्यांनी भरतीच्या रेषेवर ते पाहिलं असेल: तपकिरी, चिवट झुबके आणि त्यांना लगडलेले वाटाण्याएवढे हवेचे फुगे. हे सरगॅसम, समुद्री शेवाळ. पर्यटक त्याला कचरा समजून नाक मुरडतात, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडचं सरगॅसम खडकाला घट्ट धरून वाढतं आणि लाटांच्या माऱ्याने तुटलेलं तेवढंच किनाऱ्याला लागतं. वाळूतले किडे आणि खेकडे त्यावर जगतात, त्यांच्यामागे पक्षी येतात.

कॅरिबियन समुद्रातली गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. तिथल्या सरगॅसमच्या दोन जाती जन्मभर तरंगतात. त्यांना खडक लागत नाही आणि तुकडा तुटला की त्याचंच नवं झाड होतं. 2011पासून अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात त्यांची अफाट वाढ होऊ लागली. जून 2018मध्ये या शेवाळाचा पट्टा पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत 8,850 किलोमीटर पसरला होता आणि वजन होतं 2 कोटी टनांहून जास्त. त्या वर्षी बार्बाडोसने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

पाण्यात हे शेवाळ माशांना आणि कासवांच्या पिल्लांना आसरा देतं. किनाऱ्यावर साचलं की साधारण दोन दिवसांत कुजू लागतं आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, दम्याच्या माणसाला श्वास पुरत नाही. 2018मध्ये मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या दोन बेटांवर आठ महिन्यांत 11 हजारांहून अधिक लोकांना असा त्रास झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. घरातले फ्रिज, एसीसुद्धा या वायूने गंजतात. पर्यटक चार दिवसांत परततो; हा वायू महिनोन्‌महिने हुंगतात ते तिथले रहिवासी, आणि ढीग उपसणारे मजूर.

एवढं खाद्य शेवाळाला मिळतं कुठून? अ‍ॅमेझॉन नदीने वाहून आणलेल्या खतांकडे 2019मध्ये शास्त्रज्ञांनी बोट दाखवलं. समुद्राच्या खोलातून वर येणाऱ्या फॉस्फरसचा वाटा मोठा, असं नंतरच्या संशोधनात पुढे आलं. अटलांटिकबद्दलचा वाद चालू राहील, पण शेतातून समुद्रापर्यंतची वाट खरी आहे. आदिलाबादकडच्या आपल्या कापसाने न घेतलेला युरियाचा अंश पावसाबरोबर ओढ्याला लागतो. पुढे पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर.

कोकणात फिरताना ताज्या झुबक्यांना घाबरायचं कारण नाही. मुलांना ते फुगे जरूर दाखवा. मात्र कुठेही कुजका, उग्र वासाचा ढीग दिसला, तर दम्याचे रुग्ण, गरोदर बाया आणि लहान मुलं यांना ढिगाकडून येणाऱ्या वाऱ्यापासून लांब न्या, आणि ढिगातून अनवाणी चालू नका.