उपाशी पोटाची झाडलोट आणि एक औषध

घशाच्या किंवा छातीच्या विकारावर डॉक्टर कधी कधी एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या देतात. दोन गोळ्या पोटात जातात न जातात तोच मुरडा येतो, मळमळतं, कुणाला जुलाब होतात. मग घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "औषध उष्ण पडलं!" आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात जाऊन पडतात. या मुरड्याचा उगम कोठे आहे, याचा छडा लागला तो कुत्र्यांवरील प्रयोगांतून.

हे औषध मूळचं मातीतलं. फिलिपाइन्समधील इलोइलो भागातील मातीचे नमुने आबेलार्दो आगिलार या डॉक्टरांनी १९४९ साली अमेरिकेतील इलाय लिली कंपनीकडे धाडले. त्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून १९५२ मध्ये एरिथ्रोमायसिन हाती आलं. रोगजंतूंना प्रथिने बनवू द्यायची नाहीत, हा त्याचा धंदा. मग आपल्या आतड्यांशी त्याचं काय काम?

त्यासाठी आधी उपाशी पोटाचं वर्तन पाहिलं पाहिजे. आपल्याला वाटतं, रिकामं पोट स्वस्थ पडून असतं. तसं नाही. माणसात काय, कुत्र्यात काय, उपाशी असताना साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून आकुंचनाची एक जोरदार लाट निघते आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत हळूहळू सरकत जाते. उरलेसुरले अन्नकण, बुळबुळीत स्राव, जंतू, सारं पुढे लोटलं जातं. घरात केरसुणी फिरावी तसंच म्हणा ना! पोटात कावळे ओरडतात म्हणतो, त्या गुरगुरण्यात या लाटेचा वाटा पुष्कळ असतो. चार घास खाल्ले की झाडलोट थांबते आणि पचनाची निराळी हालचाल सुरू होते.

जठरातून ही लाट उठते ती मोटिलिन नावाच्या संप्रेरकामुळे. लहान आतड्याच्या वरच्या भागात ते तयार होतं. बावीस अमिनो आम्लांची ही इवलीशी माळ.

जपानमधील गुन्मा विद्यापीठात झेन इतो आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांच्या जठरावर व आतड्यावर आकुंचन मोजणारी बारीक यंत्रे टाचून अभ्यास करीत. १९८४ साली त्यांनी दाखवून दिलं, की उपाशी कुत्र्याच्या शिरेतून एरिथ्रोमायसिन अगदी थोडं सोडलं, जंतू मारायला लागतं त्याहून पुष्कळच कमी, तरी हुबेहूब मोटिलिनसारखी लाट उठते. पुढे १९८९ मध्ये बेल्जियममधील लुव्हेन येथे सशाच्या पेशींवर कारण उलगडलं: मोटिलिनच्या कुलपात ही परकी किल्लीही बसते!

शिक्षकबंधूंनी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. प्रयोगशाळेतील नेहमीचे उंदीर येथे निरुपयोगी ठरले, कारण त्यांच्यात मोटिलिनच नाही. उलट आपण जिच्या वासाला नाक मुरडतो त्या चिचुंद्रीत ते आहे, आणि जपानी संशोधकांनी याच कामासाठी तिला मानाने प्रयोगशाळेत नेलं. (चिचुंद्री उंदराच्या कुळातली नव्हे, हे त्या निमित्ताने सांगता येईल.)

याचा माणसाला उपयोग झाला. जुन्या मधुमेहात काहींच्या जठराच्या नसा निकामी होतात, खाल्लेलं तासन्‌तास तसंच राहतं. अशा रोग्यांचं जठर एरिथ्रोमायसिनने लवकर रिकामं होतं, हे १९९० मध्ये लुव्हेनमध्येच दिसून आलं. परंतु काही दिवसांत किंवा आठवड्यांत हा गुण ओसरतो. हृदयाचा ठोका बिघडण्याचं भय आहे, तान्ह्या मुलाच्या जठराचं तोंड आवळलं जाण्याचा धोका आहे, शिवाय जंतू औषधाला निर्ढावतात. तेव्हा अपचनावर ही गोळी मनाने घेऊ नये. आणि जंतूंसाठी दिलेली असताना मुरडा आला, तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं. त्यांच्याजवळ दुसरी औषधे असतात.

जंतू मारायचे नाहीत, नुसतं पोट हलवायचं, असे एरिथ्रोमायसिनचे भाऊबंद जपानच्या सातोशी ओमुरा यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले, इतरांनीही केले. रोग्यांवर काहींची चाचणी झाली. बाजारात मात्र त्यांतलं अद्याप एकही आलेलं नाही.