तीन रेषा, आठ गण

उल्हासनगरच्या बाजारातून जाताना एखाद्या दुकानाच्या दारावर, लिंबू-मिरचीच्या शेजारी, लहानसा अष्टकोनी आरसा टांगलेला दिसतो. आरशाच्या आठही बाजूंना तीन-तीन रेषांच्या आकृत्या असतात. काही रेषा अखंड, काही मधोमध तुटलेल्या. एका दुकानदारांना मी विचारले, हे काय आहे? ‘नजर लागत नाही, साईं,’ एवढेच ते म्हणाले. मी बदलापूरचा राहणारा, मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेला. त्या रेषा पाहून मला नजर आठवली नाही. फळ्यावर काढलेले लघु-गुरू आठवले. हा लेख त्या आठवणीतून निघाला.

या आकृत्या ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातल्या. इंग्रजी पुस्तकांमुळे आपल्याकडे तो ‘आय चिंग’ म्हणून ओळखला जातो. त्याचा गाभा सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा. अखंड रेषा म्हणजे यांग, तुटकी म्हणजे यिन. अशा तीन रेषा एकावर एक ठेवल्या की आठच आकृत्या होतात. प्रत्येकीला सृष्टीतले एकेक रूप दिलेले आहे : आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत आणि पृथ्वी. तिन्ही रेषा अखंड ते आकाश, तिन्ही तुटक ती पृथ्वी. पाण्याच्या आकृतीत मधली रेषा अखंड आणि वरची-खालची तुटक. जणू दोन खचलेल्या काठांमधून वाहणारा प्रवाह. यांतल्या दोन आकृत्या एकमेकींवर ठेवल्या की सहा रेषांची मोठी आकृती होते. आठ गुणिले आठ, अशा त्या ६४. प्रत्येकीला नाव आहे आणि प्रत्येक रेषेला स्वतंत्र वचन आहे.

आता आपले गण पाहा. ‘यमाताराजभानसलगा’ शाळेत सर्वांनीच घोकलेले असते. तीन अक्षरे, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणून गणही आठच. छंदःशास्त्रात ते ओळीने मांडण्याची एक पद्धत आहे. तिला प्रस्तार म्हणतात आणि तिचे मूळ पिंगलाच्या सूत्रांत आहे. प्रस्तारातला गणांचा क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा येतो. चीनमध्ये शाओ युंग (१०११–१०७७) या तत्त्वज्ञाशी जोडलेला आठ आकृत्यांचा एक प्रसिद्ध क्रम आहे : आकाश, सरोवर, अग्नी, गर्जना, वारा, पाणी, पर्वत, पृथ्वी. गुरूला अखंड रेषा आणि लघूला तुटकी रेषा मानून, पहिले अक्षर सर्वांत वर ठेवून मी हे दोन्ही क्रम शेजारी-शेजारी लिहिले. आठच्या आठ जुळले. आकाश म्हणजे म-गण, सरोवर य-गण, पाणी ज-गण, पृथ्वी न-गण.

शाओ युंग हयात असतानाच आमच्या शेजारी अंबरनाथला शिलाहारांचे शिवमंदिर उभे राहिले. तिथला शिलालेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. असे योगायोग दिसले की कुणी कुणाकडून घेतले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. चिनी परंपरेत आकृती खालून वर वाचतात आणि मी ती वरून खाली वाचली, तेव्हा ती जुळली. शिवाय तीन जागा आणि प्रत्येक जागी दोनच पर्याय असले, तर शिस्तीने मांडणाऱ्या कोणालाही असाच क्रम मिळेल. हे नाते उसनवारीचे नाही, गणिताचे आहे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझला हाच अनुभव आला. शून्य आणि एक या दोनच अंकांचे गणित तो मांडत होता. बुव्हे नावाच्या जेझुइट धर्मगुरूने चीनमधून पाठवलेली ६४ आकृत्यांची मांडणी १७०३ मध्ये त्याच्या हाती पडली आणि तिच्यात त्याला ० ते ६३ हे आकडे दिसले. आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेल्या रमलातही हेच आहे. एक किंवा दोन ठिपके, चार ओळी, म्हणून सोळा आकृत्या.

कौल लावण्याची सोपी रीत तीन नाण्यांची. छाप्याला तीन, काट्याला दोन धरून बेरीज करायची. सात आले तर अखंड रेषा, आठ आले तर तुटकी. नऊ म्हणजे अखंडच, पण पालटणारी. सहा म्हणजे तुटकी, तीही पालटणारी. नाणी सहा वेळा टाकून खालून वर आकृती रचायची. मग पालटणाऱ्या रेषा उलटवून दुसरी आकृती काढायची. आठ शक्यतांपैकी सहा आणि नऊ एकेकदाच येतात, सात आणि आठ तीन-तीनदा. वनस्पतीच्या ५० काड्यांच्या जुन्या रीतीत हे प्रमाण बदलते : सोळांत सहा एकदा, नऊ तीनदा, सात पाचदा, आठ सातदा. म्हणजे काड्यांच्या रीतीत तुटक रेषा सहजी पालटत नाही.

एकदा मीही नाणी टाकली. जुलै २०१९ च्या पुरात उल्हास नदी बदलापुरात शिरली. महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली तीच रात्र. आईच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेपर्यंत पाणी होते. पुढे घर विकावे की नाही यावरून आम्हा भावंडांत वाद झाला. मला आठ, आठ, नऊ, आठ, सात, आठ असे आकडे आले. खाली पर्वत, वर पाणी : ३९ वी आकृती, ‘अडथळा’. पालटणाऱ्या तिसऱ्या रेषेच्या वचनाचा आशय असा की, पुढे गेलात तर अडचण, माघारी या. ती रेषा पालटली की पर्वताची पृथ्वी होते आणि आठवी आकृती मिळते, ‘जवळीक’. मी लगेच म्हणालो, म्हणजे आईने इथेच राहावे. धाकटा भाऊ म्हणाला, ‘दादा, माघारी म्हणजे गावी. पुढे पाणी, मागे डोंगर; अजून काय सांगायला हवं?’

आकृती एकच, वचन एकच. आई माझ्या दोन खोल्यांत राहायला आली तर अडचण होईल, ही माझी भीती होती, आणि ती मी त्या रेषांवर लादली होती. हे कळले तेव्हा मला लाज वाटली. या आकृत्या भविष्य सांगत नाहीत असे माझे मत आहे. पण विचारणारा काय ऐकायला बसला आहे, ते त्या नेमके दाखवतात. अडीच हजारांहून अधिक वर्षे त्यांच्यावर भाष्ये लिहिली जात आहेत, त्याचे एक कारण हेही असावे.

आई आमचे सारे ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘रेषाच बघायच्या तर ती भिंतीवरची बघा.’ पुराच्या चिखलाची रेघ तिने पुसू दिली नव्हती. तिला गल्ली सोडायची नव्हती आणि पाण्यातही राहायचे नव्हते. त्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिला घर पाहून दिले. आज ती तिथे आहे.