वळणावर ब्रेक नको!

दादरहून परळकडे सायकलने जाताना वळण आले, की हात आपोआप ब्रेककडे जातो. ही सवय घेऊन एखादा मुंबईकर पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातील वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या खास ट्रॅकवर, उतरला तर पहिल्याच फेरीत गोंधळेल. ट्रॅकच्या सायकलला ब्रेकच नसतो! फ्री-व्हीलही नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तो पायांनी चाकाला विरोध करून.

पण खरी धडकी भरते ती वळण पाहून. ऑलिंपिकसाठी वापरतात त्या 250 मीटरच्या ट्रॅकची वळणे सुमारे 42 अंशांनी कललेली असतात. भिंतच म्हणा ना! या भिंतीवरून सावकाश जाणे हेच धोक्याचे.

असे का? वळणाची त्रिज्या 22 मीटर आणि वेग ताशी 50 किलोमीटर धरा. वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागले, की कलाच्या कोनाचा टॅन्जंट मिळतो. उत्तर येते सुमारे 0.9, म्हणजे कोन 42 अंश. या वेगाला लागणारे अभिकेंद्री बल ट्रॅकच्या प्रतिक्रियेतूनच मिळते; घर्षणाची गरज पडत नाही. आता वेग निम्मा करा. कोन निम्मा होत नाही, 13 अंशांवर येतो, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. मग स्वार भिंतीवर जवळजवळ ताठ उभा राहतो, टायर खाली घसरू पाहतो आणि सारी भिस्त घर्षणावर येते.

म्हणून नवखा सायकलपटू आधी आतल्या सपाट निळ्या पट्टीवर वेग घेतो, आणि मगच वर चढतो.