दुपारी १ ते २ घाणा बंद

सकाळी ६. उठल्यावर पहिला तास मी फोनला हात लावत नाही. हा नियम डॉक्टरांनी घालून दिला आहे. "ताई, आज तेल मिळेल का?" पासून "मागच्या वेळेपेक्षा रंग वेगळा कसा?" पर्यंत रात्रभर बरंच साचलेलं असतं. डोळे उघडताच ते वाचलं की छातीत धडधड सुरू होते, ती संध्याकाळपर्यंत उतरत नाही. त्यापेक्षा कर्नाळ्याच्या सुळक्याकडे तोंड करून बांधावरून चालते. पनवेल तालुक्यात अशी वाट अजून उरली आहे, तोवर ती वापरायची.

७.३०. वाडीवरच्या दोघी येतात. शेंगदाणा निवडायला बसतो. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा बाजूला. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं. रिफायनरीत तेलावर पुढे बऱ्याच प्रक्रिया होतात. आमच्याकडे जे खळात पडेल ते थेट लोकांच्या कढईत जाणार. म्हणून या कामाला घाई चालत नाही.

८.३०. घाणा सुरू. लाकडी खळात दाणा पडतो, लाट फिरू लागते. आधी नुसता कूट होतो, मग वर हलकी चमक दिसते. कोमट पाणी शिंपडायचं, पण बेतानं. कमी पडलं तर पेंड धरत नाही, जास्त झालं तर तेल गढूळ. हात लावून पाहिलं की कळतं. घाणा सावकाश फिरतो, तेल फार तापत नाही, त्यामुळेच शेंगदाण्याचा वास टिकतो. पण याच कारणानं तेल कमी निघतं आणि महाग पडतं. पेंड गोठ्यांवर जाते, तेल टाकीत दोन-तीन दिवस निवळत राहतं. वाया काहीच जात नाही, एक माणूस सोडून. त्याबद्दलच सांगायचं आहे.

पर्यावरण जपणारा धंदा करणाऱ्याला लोक आदरानं वागवतात आणि तोच स्वतःला सर्वांत जास्त राबवतो. काम चांगलं आहे, मग नाही कसं म्हणायचं? अशा विचारात झोप जाते, जेवणाची वेळ जाते, घरातल्यांशी बोलणं जातं. जवळच ताऱ्याला युसूफ मेहेरअली सेंटर आहे, १९६१ पासूनचं. डॉ. जी. जी. परीख आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी उभं केलेलं. तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग तिथे चालत आले. डॉ. परीख शंभरी पार करून २ ऑक्टोबर २०२५ रोजी गेले, काम मागे राहिलं, कारण ते पहिल्यापासून अनेकांच्या खांद्यांवर होतं. आमच्यासारख्या एकट्यादुकट्याच्या पाठीशी संस्था नसते. म्हणून वेळेची कुंपणं आपणच घालावी लागतात.

११.००. परत आलेल्या काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीचा आधी वास घ्यायचा. खवट असेल तर ती तेलासाठी बाद. बाकीच्या गरम पाण्यानं धुऊन उन्हात पालथ्या. आत थेंबभर पाणी राहिलं तरी नवं तेल टिकत नाही. मग नवं झाकण, नवं लेबल. प्लास्टिक हलकं, स्वस्त, न फुटणारं. तरी आम्ही काचच धरून आहोत.

१.०० ते २.००. घाणा बंद, फोन बंद. सगळ्या जणी एकत्र जेवतो. त्या तासात धंद्याचं बोलायचं नाही. दाराशी गिऱ्हाईक आलं तर ओसरीवर बसतं, पाणी पितं, थांबतं. आजवर कुणी रागावून गेलेलं नाही.

३.००. वसुली, मनाला सर्वांत जड जाणारं काम. एका दुकानानं माल उचलला आणि पैशाचं नाव नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. हे कळल्यापासून मी गयावया करत नाही, पत्र पाठवते. अशी पत्रं आणि फोन फक्त शुक्रवारी. बाकी दिवस तो विषय डोक्यात येऊ लागला की वहीत लिहून ठेवते.

५.००. पनवेलला माल पोचवायचा. पळस्प्याला गाड्यांची रांग. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. जमिनीचे दलाल त्याच्या कितीतरी आधीपासून फिरताहेत. "काय तेल काढत बसलात, विकून मोकळे व्हा," असं ऐकवतात. रोज ऐकलं की माणूस आतून पोखरला जातो. मी आता उत्तर देत नाही, आणि त्यांच्यासमोर हिशेबही मांडत नाही.

७.००. दिवे बंद. दिवाळीत घाण्याला जेवढं झेपतं तेवढ्याच ऑर्डरी घेते, उरलेल्यांना आसपासच्या दुसऱ्या घाणेवाल्यांचा नंबर देते. त्यानं धंदा बुडाला नाही.

९.३०. अंथरूण. झोप येत नसेल, जीव घाबरत असेल, तर सहन करत बसू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो घाण्याच्या भिंतीवर, वीज मंडळाच्या नंबरशेजारी लिहून ठेवा.