पहिला टीबी ट्रॅव्हल्सने जाऊ द्या

काकती म्हणजे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर आणि पुणे-बंगळूर हायवेवरचं गाव. बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात लग्नसराई सुरू झाली की कॅमेऱ्याला उसंत नसते. हळद, सीमांतपूजन, अक्षता, रिसेप्शन, आणि आता त्यात ड्रोनची भर. रात्री स्टुडिओत येऊन कार्डं खाली करायची, एक हार्डडिस्क भरली की दुसरी आणायची, भरलेलीवर मार्करने साल लिहून कपाटात ठेवायची. बहुतेक ठिकाणी बॅकअप म्हणतात तो एवढाच. कधी त्या डिस्कची आणखी एक प्रत असते, पण तीही त्याच कपाटात, वरच्या फळीवर.

ऑगस्ट 2019 मध्ये वरच्या-खालच्या फळीचा हा हिशेब अनेकांचा चुकला. बेळगाव शहरात पाणी शिरलं. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेनं आणि पुढे शिरोलीला पंचगंगेनं हायवे अडवला, वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झालं. इथला पूर एका गल्लीपुरता नसतो. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली एकाच आठवड्यात पाण्यात असू शकतात. काकतीच्या स्टुडिओची दुसरी प्रत कोल्हापूरच्या मेहुण्याकडे असेल, तर ती लांब आहे असं म्हणता येत नाही.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला साधा नियम जगभर पाळला जातो: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. पहिल्या दोन अटी पैशानं भागतात. आपलं घोडं अडतं ते तिसऱ्या अटीपाशी.

त्याचं कारण आकड्यांत आहे. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाईल 25 ते 30 एमबीची. एका लग्नात तीन हजार फोटो धरले तर 90 जीबीपर्यंत जातात, व्हिडिओ वेगळा. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाईल मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिट मिळून एक बाइट, म्हणून 10 एमबीपीएसच्या लाइनवरून सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी वर जातो. त्या हिशेबानं एक लग्न चढायला वीस तास लागतात. एक टीबीला सव्वानऊ दिवस, चार टीबीला सदतीस दिवस, तेही लाइट न जाता. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर भरवसा ठेवला तर एकाच लग्नाला दोन महिने. तोवर नवरा-नवरीची दिवाळी येते आणि स्टुडिओत विचारलं तर उत्तर तेच: “होऊलालंय की!”

जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, आपल्याला हवा असतो अपलोडचा. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या ब्रॉडबँडमध्ये तो फारच कमी. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही सारखे मिळतात, आणि 100 एमबीपीएस खरोखर मिळाले तर एक टीबी दिवसाच्या आत चढतो. कनेक्शन घेताना विचारायचं ते एवढंच: अपलोड किती, आणि महिन्याची मर्यादा किती? ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही ती बहुतेकदा असते.

मग आधीच साठलेल्या दहा वर्षांच्या डेटाचं काय? माझं मत असं, की तो लाइनवरून चढवायच्या फंदात पडूच नये. नवी डिस्क घ्या, सगळं उतरवा, पासवर्डनं बंद करा आणि पुण्याला किंवा बंगळूरला नात्यातल्या कुणाकडे पाठवा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलेली चार टीबीची डिस्क सकाळी पोचते. एवढा वेग नेहमीच्या लाइनला जमत नाही. पासवर्ड मात्र हवाच. ते फोटो गिऱ्हाइकांच्या घरचे आहेत. पुढची लग्नं रोज रात्री थोडी थोडी क्लाउडवर चढवायची, लाइन तुटली तर जिथं थांबलं तिथूनच पुढे सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरनं.

क्लाउड म्हणजे तरी कुणाच्या तरी इमारतीतल्या डिस्काच. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच जळालेल्या इमारतीत होता त्यांच्या हाती काही उरलं नाही. फुकटची सोयही कायमची नसते. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली. आता 15 जीबी, तेही मेल आणि ड्राइव्हसकट. घरच्या फोटोंना ते काही काळ पुरेल, स्टुडिओला एक लग्नही पुरणार नाही. आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवून ठेवलेला फोटो आकसलेला असतो, त्यातून लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं पान निघत नाही.

सगळ्यात जास्त घात करतो तो सिंक. फोल्डर सिंकला लावला आणि इथं चुकून डिलीट मारलं, की तिकडचंही जातं. व्हायरसनं फाईली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाईलीच वर चढतात. म्हणून जुन्या आवृत्त्या किमान महिनाभर ठेवणारी सेवा घ्यावी. काही सेवांत ठेवायला स्वस्त पण परत काढायला महाग आणि वेळखाऊ असतं, तेही आधी वाचून घ्यावं.

मृग लागायच्या आत एक काम करा. तीन वर्षांपूर्वीचं एखादं लग्न लांबच्या प्रतीवरून परत उतरवून घ्या आणि दहा फोटो उघडून पाहा. उघडले तरच तो बॅकअप. पासवर्ड घरातल्या आणखी एकाला ठाऊक असू द्या, आणि डिस्कवर नुसतं साल लिहू नका, शेवटची प्रत काढल्याची तारीख लिहा.