चुकलेला आकडा आणि वंचित माणूस

आकड्यांचे भांडण आपल्या चळवळीला नवे नाही. १९३२ साली लोथियन समिती मताधिकाराचा विचार करीत होती, तेव्हा अस्पृश्यांची संख्या किती यावरच मोठा वाद माजला. संयुक्त प्रांतात जनगणना आयुक्तांच्या १९३१ च्या अंदाजाप्रमाणे अस्पृश्य १ कोटी २६ लाख होते. प्रांतिक सरकारने ते ६८ लाख ठरवले आणि प्रांतिक मताधिकार समितीने अवघे ६ लाख. माणसे तीच, गावे तीच, विटाळही तोच. बदलला होता तो मोजणाऱ्यांचा हेतू. संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार होते, म्हणून बाबासाहेबांनी या कपातीवर नेमके बोट ठेवले.

हेतुपुरस्सर केलेली लबाडी ओळखायला आपण त्या काळापासून शिकलो. परंतु प्रामाणिकपणे केलेल्या पाहणीतही चुका होतात आणि त्या चुकांनाही एक दिशा असते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात मी एका परदेशी पाहणीच्या आधाराने हा विचार मांडणार आहे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन एखाद्या वस्तीची पाहणी करते. त्या कामात जे प्रश्न पडत गेले, त्यांची उत्तरे शोधताना मी या पाहणीपाशी पोचले.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. काळ्यांच्या कविता, आत्मकथने, भाषणे आपण आवडीने वाचली. मात्र त्यांच्या दारिद्र्याची मोजदाद तिकडे कशी झाली आणि त्या मोजदादीतल्या चुका कशा निस्तरल्या गेल्या, ही हकीगतही आपल्या कामाची आहे.

पाहणी काय आहे?

१९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ‘दारिद्र्याविरुद्ध युद्ध’ पुकारले. या युद्धाचा परिणाम मोजण्याची गरज निर्माण झाली आणि त्यातून १९६८ साली मिशिगन विद्यापीठात ‘पॅनेल स्टडी ऑफ इन्कम डायनॅमिक्स’ ही पाहणी सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मॉर्गन तिचे पहिले प्रमुख. आरंभी सुमारे ४,८०० कुटुंबे आणि त्यांतली १८ हजारांवर माणसे नोंदली गेली. २,९३० कुटुंबे साऱ्या देशातून निवडलेली होती. उरलेली १,८७२ कुटुंबे मुद्दाम गरिबांतून घेतली होती आणि त्यांत काळ्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने होती.

आपल्या ओळखीच्या बहुतेक पाहण्या छायाचित्रासारख्या असतात. आज एका घरी जायचे, पाच वर्षांनी दुसऱ्याच. या पाहणीने मात्र तीच माणसे धरून ठेवली. १९९७ पर्यंत दरवर्षी आणि नंतर दर दोन वर्षांनी त्यांनाच विचारले. मुलगा घर सोडून वेगळा राहू लागला की त्याच्या नव्या घराची स्वतंत्र प्रश्नावली सुरू होते. नवऱ्यापासून बाई वेगळी झाली तर तिचाही माग ठेवला जातो. १९६८ सालचा मूळ कुटुंब-क्रमांक मात्र प्रत्येकाच्या मागे कायम राहतो, वंशावळीसारखा. त्यामुळे आजीची मिळकत आणि नातवाची मिळकत एकमेकांशेजारी ठेवून पाहता येते.

चूक शिरते कुठून?

पन्नासहून अधिक वर्षे चाललेल्या वहीत विसंगती येणारच. साधे वयच घ्या. मुलाखत कधी मार्चमध्ये झाली, कधी सप्टेंबरमध्ये. उत्तर कधी स्वतः दिले, कधी घरातल्या दुसऱ्याने. मग एखाद्या माणसाचे वय एका वर्षात दोनाने वाढते, तर एखाद्याचे वाढतच नाही.

आपल्याला हे समजायला अडचण नको. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. माझ्याबरोबर शाळेत बसलेल्या निम्म्या पोरांची तीच होती. आईच्या सांगण्याप्रमाणे माझा जन्म पोळ्याच्या आसपासचा. घरात कोणी शिकलेले नव्हते आणि तारीख लिहून ठेवलेली नव्हती, म्हणून गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने एक तारीख टाकली. अशी चूक कोणाच्या वाट्याला येते? ज्यांच्या घरी जन्मपत्रिका होत्या त्यांच्या वाट्याला ती क्वचितच आली. चुकीचे वाटप समाजात समान होत नसते, ते असे.

मिळकतीचेही तेच. पगारदार माणूस आकडा बिनचूक सांगतो. हंगामी मजूर काय सांगणार? किती दिवस काम लागले, किती दिवस बसून गेले, याचा हिशेब त्याच्यापाशी असतो तो आठवणीतच.

दुरुस्तीची रीत

या चुकांचे मिशिगनवाल्यांनी काय केले, हा खरा मुद्दा. त्यांच्या रीतीतली पाच तत्त्वे मला महत्त्वाची वाटतात.

पहिले तत्त्व असे की, अंदाजाला उत्तर म्हणून खपवायचे नाही. मिळकतीचा आकडा मिळाला नाही तर इतर माहितीवरून अंदाज भरला जातो; पण शेजारी वेगळ्या रकान्यात खूण असते. अंदाज केलेला नाही, किरकोळ अंदाज केला, की मोठा अंदाज केला, हे वाचणाऱ्याला कळते.

दुसरे तत्त्व आवृत्तीचे. माहितीची फाइल एकदा प्रसिद्ध झाली म्हणजे संपली असे ते मानत नाहीत. प्रत्येक फाइलीत आवृत्तीचा क्रमांक असतो. चूक सापडली की सुधारलेली आवृत्ती निघते आणि काय बदलले ते नोंदवले जाते. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर निबंध लिहिणाऱ्याला आपला निष्कर्ष टिकतो की नाही हे तपासता येते. गुपचूप खाडाखोड करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

तिसरे म्हणजे मागे जाऊन विचारणे. १९८५ पासून लग्नांचा आणि मुलांच्या जन्मांचा इतिहास स्वतंत्रपणे विचारला जाऊ लागला. आधीच्या वर्षांत सुटलेले विवाह, मेलेली मुले, दत्तक मुले त्यात आली. प्रत्येक फेरीत हा इतिहास पुढे नेला जातो आणि व्यक्तींची एकत्रित फाइल १९६८ पासून पुन्हा जुळवून काढली जाते.

चौथे, नमुन्यात जे नाहीत त्यांची आठवण ठेवणे. १९६८ च्या कुटुंबांची वंशावळ कितीही वाढली, तरी त्यानंतर अमेरिकेत आलेले लोक तिच्यात कसे सापडणार? म्हणून १९९० मध्ये मेक्सिकन, पोर्तोरिकन आणि क्यूबन वंशाची सुमारे दोन हजार कुटुंबे जोडण्यात आली. पैशाअभावी १९९५ नंतर ती सोडून द्यावी लागली. १९९७ व १९९९ मध्ये स्थलांतरितांचा नवा, बराच लहान गट घेण्यात आला.

पाचवे तत्त्व शब्दांचे. या पाहणीत नवरा घरात असला की तोच ‘कुटुंबप्रमुख’, बायको कितीही कमवो. ही चूक एका आकड्यातली नव्हती, ती साऱ्या नोंदवहीच्या रचनेतच होती. २०१७ मध्ये ‘प्रमुख’ हा शब्द काढून ‘संदर्भ-व्यक्ती’ हा शब्द आला. एवढ्याने पुरुषसत्ता हलत नाही, हे खरे. पण शब्द बदलायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली, यावरून मोजणाराच्या डोक्यातला समाज किती घट्ट असतो ते दिसते. आपल्याकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख मानली. वस्तीत पाहणीला गेल्यावर ‘प्रमुख कोण?’ विचारले की आजही पहिले नाव पुरुषाचेच येते.

गळलेली माणसे

सर्वांत अवघड दुरुस्ती असते ती गळलेल्या माणसांची. पहिली काही वर्षे सोडली तर दर फेरीला ९६-९७ टक्के कुटुंबे उत्तर देत होती. तरी थेंबे थेंबे गळती होऊन १९८९ पर्यंत मूळ नमुन्यातली सुमारे निम्मी माणसे उरली नव्हती. गळणाऱ्यांत कमी मिळकतीच्यांचे प्रमाण अधिक होते. भाड्याची खोली सुटते, काम सुटते, संसार मोडतो आणि पत्ता हरवतो. अभ्यासकांनी १९९८ मध्ये याची कसून तपासणी केली आणि एवढ्या गळतीनेही मुख्य निष्कर्ष फारसे बिघडलेले नाहीत, असे त्यांना आढळले. गळालेल्यांसारखी जी कुटुंबे नमुन्यात उरली आहेत त्यांना हिशेबात जास्त वजन देण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग होतो. पण जो माणूस गेला त्याचे आयुष्य तिने परत येत नाही.

आणि सारी गळती आपोआप झालेली नाही. १९९७ मध्ये खर्च झेपेना म्हणून नमुना सुमारे साडेआठ हजार कुटुंबांवरून सुमारे सव्वासहा हजारांवर आणला गेला. कात्री लागली ती गरिबांतून घेतलेल्या गटाला. दारिद्र्य मोजण्यासाठी जन्मलेल्या पाहणीत काटकसरीचा पहिला वार गरिबांवर व्हावा, हे आपण नोंदवून ठेवले पाहिजे. तिचे गुण घ्यावेत, पण तिची आरती करू नये.

दुरुस्तीने काय बदलले?

कोणी विचारील, या बारीकसारीक उठाठेवीने काय साधले? दोन गोष्टी सांगते.

एकाच वर्षाचे छायाचित्र पाहिले तर गरीब म्हणजे कायमचा एक वेगळा वर्ग वाटतो आणि आळसाचे आरोप सोपे होतात. ग्रेग डंकन यांनी १९८४ मध्ये या पाहणीच्या आधारे दाखवले की, १९६९ ते १९७८ या दहा वर्षांत सुमारे एक चतुर्थांश अमेरिकन केव्हा ना केव्हा एखादे वर्ष तरी दारिद्र्यात होते. दहांपैकी आठ किंवा अधिक वर्षे दारिद्र्यात राहिलेले मात्र तीन टक्क्यांहूनही कमी होते, आणि त्यांत काळ्यांचा भरणा फार मोठा होता. गरिबी येते-जाते ती बहुतेकांची. काही माणसांच्या दारात ती मुक्कामाला असते आणि त्या दारांना रंग असतो.

दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. बापाच्या मिळकतीतल्या अंतराचा सुमारे एक पंचमांश भागच मुलापर्यंत पोचतो, असे अमेरिकेत बराच काळ मानले जाई. म्हणजे गरिबाचे पोर सहज वर येते! १९९२ मध्ये गॅरी सोलन यांनी याच पाहणीतून बापाच्या एका वर्षाऐवजी अनेक वर्षांच्या मिळकतीची सरासरी घेतली, तेव्हा हा भाग दोन पंचमांश किंवा त्याहून अधिक निघाला. कारण असे : एखाद्या वर्षी बाप आजारी असतो, एखाद्या वर्षी जादा काम मिळते, एखाद्या वर्षी आकडाच चुकीचा सांगितला जातो. या चढउतारांच्या गोंगाटात बाप-मुलाचा खरा संबंध बुजून जातो. चूक कोणाची बाजू घेत होती? ‘येथे ज्याला त्याला संधी आहे’ असे म्हणणाऱ्यांची. वारसा लपवण्याचे काम त्या चुकीने कोणाच्याही लबाडीवाचून केले. पुढे २०१३ मध्ये पॅट्रिक शार्की यांनी हीच पाहणी वापरून दाखवले की, गरीब आणि विभक्त वस्त्यांत आज राहणारी बहुसंख्य काळी कुटुंबे १९७० च्या दशकातही अशाच वस्त्यांत राहणाऱ्यांची मुलेबाळे आहेत. पिढ्या एका क्रमांकाखाली जोडलेल्या नसत्या तर हे सिद्ध करता आले नसते.

आपल्या अंगणात

आता आपल्याकडे पाहू. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत ४६ लाखांहून अधिक जातींची नावे नोंदली गेली; १९३१ मध्ये ती ४,१४७ होती. महाराष्ट्रात अधिकृत याद्यांतल्या जाती ४९४ आणि गणनेत निघालेली नावे ४,२८,६७७! गणकाने जे ऐकले ते लिहिले. कोठे आडनाव, कोठे गोत्र, कोठे पोटजात, कोठे एकाच जातीची अनेक लेखने. २०२१ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की ही माहिती वापरण्याजोगी नाही.

चुका झाल्या याबद्दल माझे भांडण नाही. त्या मिशिगनमध्येही झाल्या. नावे एकत्र लावणे, शंका असेल तेथे खूण करणे, आवृत्ती काढणे, अभ्यासकांच्या हाती देणे हा मार्ग मोकळा होता. आपल्याकडे चूक हे दुरुस्तीचे कारण न ठरता फाइल बंद करण्याचे कारण ठरले. १९३२ मध्ये आकडा कापला गेला होता. या वेळी तो कपाटात गेला.

तीच कुटुंबे पुन्हा गाठण्याचा प्रयत्न आपल्या देशातही झालेला आहे. भारतीय मानव विकास पाहणीने २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबे घेतली आणि २०११-१२ मध्ये त्यांतली सुमारे ८३ टक्के पुन्हा शोधली. आपल्या घरात अस्पृश्यता पाळली जाते, असे दुसऱ्या फेरीत सुमारे २७ टक्के कुटुंबांनी स्वतः सांगितले. हा आकडा आपण भाषणांत वापरतो, वापरावाही. त्याबरोबर उरलेली १७ टक्के कुटुंबे कोठे गेली, हेही विचारण्याची सवय लावली पाहिजे.

वस्तीची पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना मी जे सांगते ते थोडक्यात असे. दाखल्यावरची तारीख आणि आईने सांगितलेला काळ, दोन्ही लिहा. अंदाज असेल तेथे ‘अंदाज’ लिहा. खोडू नका, रेघ मारा, बाजूला नवी नोंद करा, तारीख आणि सही घाला. बंद घराला ‘माहिती नाही’ म्हणून सोडू नका. ते का बंद आहे, माणसे तोडणीला गेली की वीटभट्टीला, हे शेजाऱ्याला विचारा. सोडून दिलेल्या बाईची नोंद बापाच्या घरात बुडवू नका. आणि पुढच्या वर्षी त्याच घरी पुन्हा जा.

जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाला. एवढ्या मोठ्या मोजणीत चुका निघणार, हे आजच गृहीत धरावे. म्हणून नुसती ‘मोजा’ ही मागणी अपुरी आहे. चुका कशा दुरुस्त करणार, कोण करणार, आणि दुरुस्तीची नोंद आम्हांला पाहू देणार की नाही, हे विचारण्याची वेळ आकडे बाहेर येण्याच्या आधीची आहे. नंतर विचारले तर पुन्हा तेच उत्तर मिळेल : माहिती सदोष आहे.