फोटोची हौस : रोल की डिजिटल?

मैत्रिणींनो, फोटो काढायची हौस असेल तर कॅमेरा घेण्याआधी हिशेब मांडा. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये फोटो ३६. धुण्याचा, प्रिंटचा खर्च वेगळा. शिवाय फोटो कसा आला हे रोल धुतल्यावरच कळणार! डिजिटलमध्ये तो तिथल्या तिथे दिसतो. म्हणून शिकायला डिजिटलच बरा. आपल्या बीडचं कंकालेश्वराचं देऊळ घ्या. बाहेर कुंडाच्या पाण्यावर लख्ख ऊन, आत अंधार. अशा ठिकाणी दहादा चुकलं तरी पदरचं काही जात नाही.

मग रोलचा फायदा काय? निगेटिव्ह! ती नीट जपली, तर पन्नास वर्षांनीही प्रिंट निघते. मेमरी कार्ड बिघडलं, की बारसं, लग्न, सारंच गेलं! तेव्हा डिजिटल फोटो दोन ठिकाणी साठवा, निवडक तरी कागदावर छापून घ्या. निगेटिव्ह तापणाऱ्या पत्र्याखाली किंवा ओलीच्या भिंतीला ठेवू नका. रंग उडतो, बुरशी धरते. माळ्यावरचा आगफा क्लिक थ्री भंगारात देऊ नका हं! त्याचा १२० चा रोल आजही मागवता येतो. त्यात १२ फोटो निघतात.

आणि एक. फोटो काढणारी बाई अल्बममध्ये कधी दिसतच नाही. अधूनमधून कॅमेरा मुलांच्या हाती द्या, आणि तुम्हीही समोर उभ्या राहा.